न सांगितलेलं दान

“आर्डिस, दानाचा पैसा आपल्या हाताला लागू द्यायचा नाही. माझ्या निवृत्तीच्या खात्यातून सरळ चर्चला जाऊ दे. आणि कराच्या कागदावर तसं सांगायचं. माझ्यामागे दोन्ही करशील ना?”

“करीन हो. आता पड जरा.”

लाइलआजोबांचा तो आवाज माझ्या लाकडात मुरला आहे. मित्रांनो, मी मिनेसोटातल्या टोलेफसनांच्या घरातलं जुनं जेवणाचं टेबल. लाइलआजोबांच्या वडिलांनी मेपलचं लाकूड तासून एका हिवाळ्यात मला घडवलं. माझ्यावर सणाचे लेफ्से, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्या, लाटले गेले, लेकीचं बारसं, वाढदिवस झाले. पाहुणे माझ्यावरून हात फिरवून म्हणत, “काय गुळगुळीत आहे हो!” तेव्हा मी मनातून फुलून जाई.

दर वसंतात आजोबा माझ्यावर कराचे कागद पसरत. म्हणत, “बँकेच्या कागदाला एवढंच ठाऊक, की पैसा खात्यातून निघाला. तो कुणाच्या पोटात गेला हे त्याला कसं कळणार? ते आपणच सांगायचं. नाही तर सरकार समजेल, म्हाताऱ्याने स्वतःच खाल्ला, आणि त्यावर कर लावेल!” मग पूर्ण रक्कम लिहायची, पुढच्या ओळीत दान वजा करायचं, शेजारी तसं नमूद करायचं. त्या दानावर चर्चच्या तळघरात दर गुरुवारी गरमागरम सूप शिजे.

आजोबा गेले. आर्डिसआजींनी वचनाचं पहिलं अर्धं निष्ठेने पाळलं. पण दुसरं? मित्रांनो, या चर्चच्या मंडळींत दानाचा उच्चार म्हणजे बढाई. डाव्या हाताने दिलेलं उजव्यालाही कळू नये, हा आजींचा जन्माचा नेम. चर्चचं आभाराचं पत्र आलं की त्या ते न वाचताच चुलीत घालत. मनात गर्व शिरायला नको म्हणून.

कागद भरायला नील येई. निवृत्त मास्तर, गावातल्या म्हाताऱ्यांचं हे काम फुकट करणारा.

“आणखी काही सांगायचंय, आर्डिस?”

“काही नाही रे. कॉफी ओतू?”

तेवढ्यावर ते संपे. सगळं दान आजींची मिळकत ठरलं. त्यावर कर बसला, मिळकत फुगल्याने पुढे सरकारी पेन्शनलाही कर लागला. आजींना वाटे, एकटीचा संसार असाच महाग असतो. घर थंड ठेवून त्या दोन स्वेटर घालून माझ्यापाशी बसत. माझ्यावर एकच बशी असे. कुणी मला पुसलं नाही, तेल लावलं नाही. मी तडकलो आणि गप्प राहिलो.

शेवटी लेक मार्ला आली. “आई, घर तापवायची भट्टी पेटवायला पैसे नाहीत आणि गावाला सूप पाजतेस! घर वीक. आणि ते चर्चचं बंद कर.”

घर विकलं गेलं. आजी एवढंच म्हणाल्या, “या वर्षापासून देणार नाही.” त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

काल माझ्या पायाला किमतीची चिठ्ठी बांधली. नील मला बघायला आला, तेव्हा मार्ला फणकारली, “बाबांच्या खात्यातलं सगळं सुपात ओतलं हिने!”

नील मटकन खुर्चीत बसला. “खात्यातून? सरळ चर्चला? अगं आर्डिस, मग मला सांगितलं का नाहीस? त्यावर कर नव्हताच!”

“दानाचं कसलं सांगायचं, नील?”

“लाइल सांगायचा ना?”

आजींनी हातातला कप माझ्यावर ठेवला. नील हळू आवाजात म्हणाला, “मागच्या काही वर्षांचे कागद दुरुस्त होतील, सगळे नाहीत. पुराव्याला चर्चची आभाराची पत्रं काढ.”

“जाळली.”

मित्रांनो, घर परत येणार नव्हतं. मीही जाणारच आहे, कुठे ते ठाऊक नाही. एकच मागणं आहे तुमच्याजवळ: आपल्या माणसाला “आणखी काही?” असं विचाराल, तर कॉफी येईपर्यंत तरी उत्तराची वाट पाहा.

आज सकाळी बर्फ भुरभुरत होतं. आजींनी बूट चढवले, डोक्याला रुमाल बांधला. माझ्या तडकलेल्या फळीवर तळवा ठेवून त्या पुटपुटल्या, “पत्रांच्या नकला मागून आणते रे, लाइल. या तोंडाने मागते.”

आणि दार हलकेच ओढून घेऊन त्या चर्चच्या वाटेला लागल्या.