पाणी न पाहिलेला शॉवर

मी एक जुना शॉवर आहे, मित्रांनो, आणि आयुष्याची पहिली कितीतरी वर्षं माझ्यातून पाण्याचा एक थेंबसुद्धा पडला नाही. हसू नका. मी कोणाच्या घरचा शॉवर नाही, दुकानातला आहे. बाथरूमचं सामान विकणाऱ्या एका मोठ्या दुकानाच्या कोपऱ्यात, गिऱ्हाइकांना दाखवायला मला उभं केलंय. सरकतं काचेचं दार, आत चकचकीत फरशी, डोक्यावर परातीएवढा गोल शॉवर, शाम्पू ठेवायला भिंतीत कोनाडा आणि धरायला स्टीलचा दांडा. समोरून बघणारा म्हणायचा, वा, काय थाट आहे. मागे जाऊन कोणी बघत नसे. मागे प्लायवूड होतं. नळाच्या मागे पाइपच नव्हता. कोनाड्यातली शाम्पूची बाटली रिकामी होती, आणि साबण लाकडाचा होता. एका लहान मुलाने तो चावून पाहिला, तेव्हा मलाही कळलं.

मला बनवलं तो दिवस मला चांगला आठवतो. टाइल्स लावणाऱ्याने विचारलं, "शेठ, मागे भिंत बांधायची का?"

मालक म्हणाले, "कशाला? इथे कोण आंघोळ करणार आहे?"

झालं. सगळं चिकटवून टाकलं. दांडासुद्धा चिकटवला, स्क्रू न मारता. तेव्हा माझ्या मनात शंकेची जी पाल चुकचुकली, ती अजून गप्प बसलेली नाही. ज्याचा जन्मच असा, तो दुसऱ्यावर विश्वास कसा ठेवणार?

आणि माणसंही संशय यावा अशीच वागतात. कपडे घालून माझ्यात शिरायची, डोळे मिटायची आणि कोरड्या डोक्याला खोटा खोटा फेस काढायची. बाहेर बायको बघत असली की छाती पुढे काढून उभी राहायची. काचेचं दार लावलं की आतलं बाहेर ऐकू जात नाही, असा कितीतरी जोडप्यांचा समज होता. बाहेर "फारच सुंदर" म्हणायची आणि आत येऊन "अहो, लुटतोय हा" म्हणून कुजबुजायची. मग मीही जरा गंमत करायचो. दाराचं चाक थोडं अडवून धरायचो. माणूस बाहेर पडायला बघतोय, दार जागचं हलत नाही, आणि तो हसत हसत घामाघूम. दुकानातले म्हणायचे, चाक खराब झालंय. चाक ठणठणीत होतं.

सगळ्यात जास्त संशय मला विक्री करणाऱ्या पोऱ्याचा. मी त्याचं नाव गोड्या ठेवलं होतं, कारण तो बोलायला लागला की मुंग्या लागतील की काय असं वाटायचं. कोणतीही वस्तू दाखवताना तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "माझ्या स्वतःच्या घरी हीच बसवलीय." त्याच्या घरी इतकी बाथरूमं झाली होती की स्वयंपाकघराला जागा उरली नसावी.

पण फोटो सगळ्यात जास्त माझेच निघायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग एक दिवस त्या बाई आल्या.

त्या दारातून आत आल्या त्या आधी डावीकडे बघत, मग उजवीकडे, मग वळून मागे. जन्मभर त्यांनी लोकांना गाडी चालवायला शिकवली होती. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादाचा ब्रेक असतो ना, त्या ब्रेकवर पाय ठेवूनच त्यांचं वय गेलं होतं. समोरचा चुकणारच, हे धरूनच त्या जगात वावरायच्या. मी मनात म्हटलं, आलं बाबा एकदाचं आपल्या वळणाचं माणूस.

त्यांच्यामागून काठी टेकत त्यांचे यजमान आले. दुकानांच्या पाट्या रंगवायचे ते. कुठे बसायला मिळतंय का ते बघत होते, पण चेहरा हसरा.

"आयुष्यभर शिडीवर उभा राहिलो," ते गोड्याला म्हणाले, "कधी पडलो नाही. पडलो कुठे, तर बाथरूममध्ये. जमिनीवरून जमिनीवर. कंबरेचं हाड गेलं."

"अरेरे, काका."

"अरेरे राहू दे. ते जुळलं. पण तेव्हापासून मी आंघोळ करतो आणि ही उघड्या दारात उभी राहते. रोज. लहान मुलासारखं. मला फक्त एवढंच पाहिजे, की आत जाईन, दार लावीन, आंघोळ करीन आणि बाहेर येईन. मधे कोणी नको."

"मधे कोणी नको म्हणे," बाई म्हणाल्या. "मागच्या वेळी कोणी नव्हतं, तेव्हा काय झालं?"

काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यात जीव नव्हता.

गोड्याने त्यांना माझ्यासमोर आणलं आणि सुरुवात केली. पावसासारखा पडणारा शॉवर. बाजूने फवारे. कोनाड्यात निळा लाइट. गाणी लावायला स्पीकर. वाफ न धरणारा आरसा.

"लाइट लागल्यावर हे पडायचे थांबतील का?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, लुक येतो."

"पडताना?"

गोड्याने विषय बदलला. "आणि हा बघा, धरायला दांडा. एकदम मजबूत. माझ्या घरी हाच आहे."

बाईंनी पिशवीत हात घातला आणि पाण्याची बाटली काढली. मग कागदात गुंडाळलेली साबणाची वडी. खरी.

"मॅडम, पाणी प्यायचं असेल तर तिकडे कूलर आहे."

"मला नाही, याला प्यायचंय," त्या म्हणाल्या, आणि माझ्या फरशीवर बाटली उपडी केली.

मित्रांनो, काय सांगू. शॉवर म्हणवून घेत होतो आणि मला पाणी थंड असतं हेसुद्धा माहीत नव्हतं. माझ्या फरशीतली जाळी नुसती वरून चिकटवलेली, तिच्याखाली भोकच नाही. पाण्याला जायला वाट नाही. ते उंबऱ्याखालच्या फटीतून बाहेर आलं आणि गोड्याच्या बुटांत शिरलं.

बाईंनी ओल्या फरशीवर साबण फिरवला, चपला काढल्या, एका हाताने दाराची चौकट पकडली, दुसऱ्याने दांडा, आणि पाय आत टाकला. पाय सुर्रकन गेला. दांडाही गेला. चिकटपट्टीसकट त्यांच्या हातात आला. चौकट धरली होती म्हणून त्या पडल्या नाहीत.

"पोलिसात भरती झालीस का?" काका म्हणाले. "दंडुका घेऊन उभी आहेस ती."

बाई हसल्या नाहीत. दांडा उलटासुलटा करून बघितला आणि गोड्यासमोर धरला. "तुमच्या घरी हाच आहे ना? सांभाळून हं."

आजूबाजूची गिऱ्हाइकं थांबली होती. कोणी आपल्या समोरच्या बेसिनला ढकलून बघत होतं, कोणी वाकून नळाच्या मागे डोकावत होतं. मालक धावत आले. माणूस धंद्यातला मुरलेला. एका नजरेत त्यांना कळलं की आता बोलून भागणार नाही.

"ताई, पुढच्या आठवड्यात या," ते म्हणाले. "खरा करून दाखवतो."

"बघू," बाई म्हणाल्या.

त्यानंतर माझी जी तोडफोड झाली ती विचारू नका. प्लायवूड उखडलं, विटांची भिंत आली, तिच्यात पाइप आला. चकचकीत फरशी गेली, खरखरीत आली, जाळीकडे जरासा उतार देऊन. उंबरा काढून टाकला. भिंतीला घडी होणारी बैठक लावली, तिच्या शेजारी हाताने धरायचा छोटा शॉवर. दांडा विटेत लांब स्क्रू मारून बसवला. मी मात्र सावध होतो. मालकाने एवढा खर्च केला म्हणजे नक्की काहीतरी डाव असणार. डाव होताच, त्याला माल विकायचा होता. पण दांडा खरा होता, हे मलाही मान्य करावं लागलं.

दोघं पुन्हा आली. बाईंनी दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय भिंतीला लावला आणि झाड उपटावं तसा ओढला. आला नाही. मग बैठकीवर गोड्याला बसवलं.

"आता जरा उड्या मारा."

"मॅडम, बसून उड्या?"

"मारा."

त्याने मारल्या. बैठक हलली नाही. मग बाईंनी फरशीवर पाणी सोडलं, साबण लावला, पाय घासून पाहिला. पाय जागच्या जागी राहिला. त्यांच्या तोंडावरचा संशय मात्र तसूभर हलला नाही.

"आता मी," काका म्हणाले.

"मी आत उभी राहते."

"नाही. तू बाहेर."

"मग दार उघडं ठेवा."

"नाही. तू तिकडे बेसिनपाशी जा. पाठ करून उभी राहा."

बाई गेल्या, पाठ केली. काकांनी काठी बाहेर ठेवली, दांडा धरला, आत आले आणि दार लावलं. मी चाक अडवलं नाही. तेवढी अक्कल मला आहे.

आतून त्यांनी हाक मारली, "आरशातून बघतेयस. जन्मभर तेच केलंस. खाली बघ."

बेसिनवरच्या आरशातून बाईंनी खरंच नजर लावली होती. त्यांनी मान खाली घातली. पण त्यांचा उजवा पाय जमिनीवर असा दाबला गेला होता, की तिथे ब्रेक असता तर दुकान थांबलं असतं.

काका बैठकीवर बसले. हातात छोटा शॉवर घेतला, नळ फिरवला, आणि माझ्यातून पाणी आलं. त्यांनी ते पायांवर घेतलं, मग गुडघ्यांवर. पॅन्ट भिजून चिंब. त्यांनी नळ बंद केला, दांडा पकडला आणि उठायला गेले.

उठता आलं नाही. धप्पकन खाली बसले.

तो आवाज बाईंनी ऐकला. त्यांचे खांदे वर आले. मान मात्र खालीच राहिली. त्यांनी कधी कोणासाठी एवढं अवघड काम केलं असेल असं मला वाटत नाही.

आत माझ्या विटेविटेला संशय होता. स्क्रूवर, भिंतीवर, मालकावर, सगळ्यांवर. "थांब जरा," काका आपल्या पायाला म्हणाले. मग दांडा थोडा वरून धरला, श्वास घेतला, आणि उठले. उभे राहिले. दार सरकवलं.

"झालं."

बाई न बघताच म्हणाल्या, "नीट पुसलंत?"

"पॅन्ट घालून कसं पुसायचं, ते शिकव आधी."

तेव्हा त्या वळल्या. मग गोड्याकडे जाऊन नेहमीच्या खरखरीत आवाजात म्हणाल्या, "हा दांडा, ही बैठक, ही फरशी. लाइट नको. आणि दाराला कडी पाहिजे."

"बाहेरूनही उघडता येईल अशी कडी मिळते, मॅडम."

काका बाईंकडे बघत होते.

"तशीच द्या," बाई म्हणाल्या. "मी उघडणार नाही. पण द्या."

"बघू," काका म्हणाले.

मित्रांनो, आता मी जुना झालोय. शेजारी नवीन शॉवर आलाय, निळ्या लाइटचा, आणि फोटो त्याचे निघतात. माझ्या भोकांत पाण्याचे पांढरे क्षार बसलेत, ते सुईने काढायला कोणाला सवड नाही. तुमच्या घरच्या शॉवरचे तरी काढत जा. त्यालाही श्वास घ्यायचा असतो. आणि घरातलं कोणी आंघोळीला जास्त वेळ लावत असेल, तर बाहेरून एकदाच विचारा, "ठीक ना?" मी सहसा कोणाचं खरं धरत नाही, पण आतून "हो" आलं की ते खरं धरा आणि दारापासून लांब जा. खरोखर लांब जा. दाराखालच्या फटीतून तुमचे पाय दिसतात.