लांडग्याचा तिसरा थर

दीपेशला हलायची परवानगी नव्हती. मांडूतल्या एका बंद उपाहारगृहाच्या मागच्या खोलीत, खिडक्यांना काळं कापड लावून, आम्ही त्याला फरशीवर उताणं झोपवलं होतं. बाहेर एप्रिलची दुपार होती, चित्रपटात पौर्णिमेची रात्र. दीपेशचा लांडगा होणार होता.

पद्धत साधी होती. कॅमेरा तिवईवर पक्का करायचा. चेहऱ्यावर बकरीच्या केसांचा एक थर चिकटवायचा, थोडं चित्रण करायचं, मग पुढचा थर. हे तुकडे एकमेकांत मिसळले की पडद्यावर केस उगवताना दिसतात. मात्र मधल्या वेळात नट जरासुद्धा हलला तर सगळं फुकट. आधी दोनदा दीपेश शिंकला होता. उद्यापासून त्याला धारच्या मोबाइलच्या दुकानात कामावर जायचं होतं, म्हणजे आजचा शेवटचा प्रयत्न.

दिग्दर्शक यशराज माझा चुलतभाऊ. देवासला लहानपणी त्याने मला असले कितीतरी स्वस्तातले लांडगेपट दाखवले. लांडग्याच्या पाठीवर पोशाखाची चेन दिसायची, मनगटावर घड्याळ राहून गेलेलं असायचं, एकाच रात्रीत चंद्र कधी पूर्ण, कधी अर्धा. मी हसायचे. तो म्हणायचा, "हस तू. पण हे केस कुणीतरी बसून चिकटवलेत, ते दिसतं ना? मला तेच आवडतं." मी रसायनशास्त्रात एमएस्सी झाले आणि केस चिकटवायचं काम माझ्याकडे आलं.

"फुग्याचा वास येतोय," पहिला थर लावताना दीपेश म्हणाला. "किसी का बड्डे है क्या, भिया?"

"तोंड बंद," यशराज म्हणाला. "मी कट म्हणेपर्यंत तू मेलेला आहेस."

नेहमीचा डिंक घाटात सांडला होता. त्याची चाचणी मी दीपेशच्या हातावर घेतली होती. आज यशराजने एका मूर्तिकाराकडून साच्यासाठी वापरतात ते पातळ रबर आणलं होतं. ते मी माझ्या मनगटावर लावून पाहिलं, काही झालं नाही. दीपेशच्या मनगटावर लावावं, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

बोलायचं नाही म्हणून खुणा ठरल्या होत्या. बोट वर म्हणजे ठीक, मूठ म्हणजे थांबा.

तिसरा थर लावून झाल्यावर मी लॅपटॉपवर नवं चित्र पहिल्या चित्रावर ठेवलं. वरचं अर्धपारदर्शक केलं की फरक लगेच दिसतो. ओठांची कड जुळत नव्हती. डोळ्यांचीही नाही.

"हलला," यशराज मागून म्हणाला. "दीपेश, यार, परत?"

दीपेशने बोट वर केलं. ठीक.

मी पुन्हा पाहिलं. डोक्यामागच्या फरशीची चीर जुळत होती. कानाची कड तंतोतंत जुळत होती. डोकं हललं असतं तर कानही सरकला असता. फक्त ओठ आणि पापण्या जागच्या जागी मोठ्या झाल्या होत्या.

"तो हललेला नाही," मी म्हणाले. "सुजलाय."

यशराज पडद्याजवळ वाकला. "अरे, भारी दिसतंय हे. सूज फुकटात मिळाली. अजून एकच थर, ईशे."

मी दीपेशपाशी गुडघ्यांवर बसले. केसांच्या मधून दिसणारी कातडी लालभडक होती. प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळगी आत ओढली जात होती. श्वास घ्यायला त्याला जोर लावावा लागत होता.

"दीपेश, घसा आवळल्यासारखा वाटतोय?"

बोट वर. ठीक.

"ऊठ. शॉट संपला."

तो उठला नाही. फटीएवढे उरलेले डोळे त्याने यशराजकडे वळवले. फक्त डोळे. मान तशीच ठेवली.

मग मला कळलं, मी काय म्हणते याला अर्थच नव्हता. दोनदा शॉट बिघडवलेला माणूस तिसऱ्यांदा दिग्दर्शकाच्या शब्दाशिवाय हलणार नव्हता.

"यशदादा, कट म्हण."

"एक थर, पाच मिनिटं..."

"त्याची श्वासनलिका बंद होतेय. कट म्हण."

यशराजने पडद्याकडे पाहिलं. तिथे आजवरचा आमचा सगळ्यात खरा लांडगा होता. मग त्याने खाली पाहिलं.

"कट," तो म्हणाला. "कट, कट. ऊठ रे."

दीपेश उठून बसला आणि त्याच्या घशातून शिट्टीसारखा आवाज आला.

घाट उतरताना यशराज गाडी चालवत होता, मी मागे दीपेशला टेकवून बसवलं होतं. ओल्या फडक्याने मी थर सोडवत होते, पण ओठांजवळचे केस निघेनात. शिट्टी बारीक होत गेली. एका वळणावर ती थांबली. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. मग ती पुन्हा सुरू झाली.

वाटेतल्या आरोग्य केंद्राच्या दारात नर्सबाई जागीच थांबल्या. अर्धा चेहरा माणसाचा, अर्धा लांडग्याचा.

"ये क्या लाए हो?"

"रबर की एलर्जी," मी म्हणाले. "साँस रुक रही है।"

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. मांडीत इंजेक्शन, तोंडावर ऑक्सिजन. डॉक्टर त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बसले. आम्ही भिंतीला टेकून उभे होतो. यशराज त्या शिट्टीवर कान लावून होता. ती हळूहळू जाड झाली, मग नुसता श्वास उरला.

"पहले कभी हुआ था?" डॉक्टरांनी विचारलं.

दीपेशने मास्क जरा उचलला. "फुगे फुगवले की ओठ सुजायचे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, आधी आमच्याकडे बघून, मग त्यांच्यासाठी हिंदीत. "मुझे लगा सबके सूजते हैं।"

डॉक्टरांनी त्याला रात्रभर इथेच राहायला सांगितलं. यशराजने दीपेशच्या दुकानाच्या मालकाला फोन लावला आणि बोलायला बाहेर गेला.

दीपेशने मला खुणेने जवळ बोलावलं. गालावर अजून केसांचा पुंजका चिकटलेला होता.

"ईशानी, खरं सांग. मी हललो होतो?"

"नाही," मी म्हणाले. "कान जुळत होता."

त्याने डोळे मिटले आणि बोट वर केलं.