‘हादरा’ भरलेली कॅसेट

मित्रांनो, आधी हसून घ्या. कॅसेट म्हणजे काय, हेच तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसेल. तळहाताएवढी प्लॅस्टिकची डबी, पोटात दोन चाकं आणि चाकांवर गुंडाळलेली तपकिरी फीत, ती मी. मी जुनी आहे, अस्सल जपानी आहे, आणि माझी मलाच लाज वाटते. आत्मवृत्त सांगायला बसलेली वस्तू आपलं कौतुक सांगते म्हणे. मी ते कोणत्या तोंडानं सांगू?

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो जन्मल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला आवाज मिळाला तो सौदीत. माजलगावचा ख्वाजा गवंडी तिकडं कामाला गेला होता. घरी फोन नव्हता आणि त्याला लिहिता येत नव्हतं. असली माणसं त्या काळी कॅसेटमध्ये बोलायची आणि गावाकडं निघालेल्याच्या हाती ती धाडायची. ख्वाजानं एका शुक्रवारी खोलीतल्या सगळ्यांना बाहेर काढलं आणि माझ्या दोन्ही बाजू भरून तो बोलला. खोकला, हसला, मध्येच गप्प झाला. मग त्यानं माझ्या पाठीवरचे दोन बारके तुकडे चाकूनं मोडून काढले. ते मोडले की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. आपलं बोलणं कुणी पुसू नये, एवढीच त्याची इच्छा होती.

मी माजलगावला पोचले आणि दोन महिन्यांनी ख्वाजा गेल्याची खबर पोचली. बांधकामावरून पडला होता बिचारा. घरी बायको बीबीजान आणि दहा महिन्यांची तरन्नुम. बीबीजान फळांचा गाडा लावून आली की मला लावायची. इतक्या वेळा लावली, इतक्या वेळा लावली, की एक दिवस फीत टेपमध्ये गुंतली आणि तुटली. तिनं मला रुमालात बांधून ट्रंकेत ठेवलं. तिथं मी सतरा वर्षं पडून होते.

मग तरन्नुमचं लग्न उमापूरच्या मुलाशी ठरलं. बीबीजाननं मला बाहेर काढलं आणि त्रिंबक रेडिओवाल्याच्या दुकानात नेलं.

“भाऊ, पोरीला बापाचा आवाजच ठाऊक न्हाई,” ती म्हणाली. “ऐकायची तवा तिला समज नव्हती. सासरी जायच्या आधी तिला ऐकवायचाय.”

त्रिंबकनं मला उजेडात धरलं. “जोड मारून देतो, भाभी. पण एक ध्यानात ठेवा. हिला पळवायची न्हाई. पुढं पळवायचं बटन दाबलं की जोड सुटलाच म्हणून समजा. लावली की शेवटपर्यंत चालू द्यायची.”

त्यानं नाजूक हातानं जोड मारला आणि मला तयार मालाच्या ट्रेमध्ये ठेवलं. नावाची चिठ्ठी तेवढी लावायची राहिली.

आता तौसीफ. त्याच दुकानात तो मिस्त्री होता, सव्वीस वर्षांचा, हातात सोनं असलेला. पण डोक्यात एकच भूत, जाडजूड आवाजाचं! त्यानं माणसाएवढा स्पीकरचा डबा बनवला होता. साखर कारखान्याच्या बॉयलरची घरघर तो भरून आणायचा, धरणाच्या दारातून सुटणारं पाणी भरून आणायचा, आणि फिरत्या चाकावर बोट टेकवून ते सगळं संथ करायचा. त्यावर हलगीचे तोडून तोडून ठोके. हल्लीची पोरं ज्याला डबस्टेप म्हणतात, तसलंच काहीतरी.

“अबे, ह्यात गाणं कुठंय?” त्रिंबक वैतागायचा. “नुसता रेडा हंबरायलाय!”

“मामा, हे कानानं ऐकायचंच न्हाई. बरगड्यांनी ऐकायचं!”

सहा वर्षं खपून त्यानं पहिला अल्बम जुळवला. नाव ठेवलं ‘हादरा’. औरंगाबादच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस दुपारच्या बसनं ऐकायला येणार होता. तौसीफची सगळी यंत्रं एकदम चालू ठेवून एका दमात भरायचं काम होतं ते. त्या दिवशी लाईट आली अकराला आणि जाणार होती एकला. त्यानं नवी कोरी कॅसेट लावली, आणि पहिल्याच ठोक्यांना तिची फीत गोळा होऊन बसली. गावात व्यापाऱ्यांचा बंद होता, त्यामुळं एकही दुकान उघडं नव्हतं. त्रिंबकही घरी होता.

तौसीफनं ट्रेमध्ये हात घातला आणि मी त्याच्या हाती लागले. सवयीनं त्याचं बोट माझ्या पाठीवरून फिरलं. तुकडे मोडलेले होते. मिस्त्रीच्या बोटाला हे सांगावं लागत नाही, मित्रांनो. कुणीतरी काहीतरी जपलंय, हे त्याला त्याच क्षणी कळलं. एक मिनिट लावून बघितलं असतं तर ख्वाजाचा आवाज त्याच्या कानी पडला असता. त्यानं बटणावर बोट ठेवलंसुद्धा. मग उचललं.

“ऐकलं तर हात चालणार न्हाई,” तो पुटपुटला. “न्यायला कुणी न आलेलं असंल कायतरी जुनं.”

त्यानं मोडलेल्या तुकड्यांच्या दोन भोकांवर चिकटपट्टी लावली, ती लावली की पुन्हा भरता येतं, आणि माझ्या दोन्ही बाजूंवर ‘हादरा’ भरला.

त्यानं केलं ते केलं. मी काय केलं, ते आता ऐका. मला ते आवडलं! सतरा वर्षं ट्रंकेत कुजल्यावर अंगातून असला दणका गेला आणि मी फुशारून गेले. संध्याकाळी लाईट परत आल्यावर कंपनीचा माणूस डोळे मिटून ऐकत राहिला आणि म्हणाला, “एक नंबर!” सोबत आणलेल्या कॅसेटवर त्यानं माझ्यावरून एक प्रत काढून नेली. ख्वाजाचा खोकला, त्याचं ते मध्येच गप्प होणं, मला आठवलंसुद्धा नाही. तौसीफनं चिकटपट्टी सोलून मला परत ट्रेमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी बीबीजान आली आणि त्रिंबकनं मला तिच्या हवाली केलं.

लग्नाला लाऊडस्पीकर त्रिंबकच्याच दुकानाचा होता आणि मांडवात यंत्रापाशी तौसीफ बसला होता. निकाह झाला, जेवणं उरकली. तरन्नुम निघायच्या आधी बीबीजान मला घेऊन त्याच्यापाशी आली.

“बेटा, हा तरन्नुमच्या अब्बाचा आवाज हाय. जरा मोठ्यानं लाव. समद्यांना ऐकू येऊ दे.”

तौसीफनं मला ओळखलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. “खाला, ही… ही खराब असंल.”

“खराब कावून असंल? त्रिंबकभाऊंनीच दुरुस्त करून दिली.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण चारशे माणसं बघत होती. त्यानं मान खाली घातली आणि बटण दाबलं.

काय सांगू तुम्हाला! पहिल्याच ठोक्याला टेबलावरचे सरबताचे पेले थरथरले. पोरं नाचायला लागली. कुणीतरी फिदीफिदी हसलं. तरन्नुमनं ओढणी वर करून आईकडं बघितलं.

“अम्मी, हे अब्बा हायेत?”

“थांब,” बीबीजान म्हणाली. “पुढं असतील. पळवायची न्हाई म्हणलेत त्रिंबकभाऊ.”

आणि ती माऊली खुर्चीत ताठ बसून राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा. नवऱ्याकडची माणसं चुळबुळायला लागली. तौसीफच्या पहिल्या अल्बमला भरला मांडव श्रोता मिळाला होता, आणि तो बसल्या जागी घामानं निथळत होता. धरती फाटली असती तर आम्ही दोघं आत गेलो असतो.

अर्ध्या तासानं दणका थांबला. बाजू संपायच्या जरासा आधीच तौसीफचा ठेका संपला होता, त्यामुळं माझ्या टोकावर नऊ सेकंदांची फीत पुसायची राहून गेली होती. मांडव एकदम शांत झाला आणि लाऊडस्पीकरमधून एक माणूस खोकला.

“बीबी, ये बाजू खतम हो री. अब पलटा दे. उधर तरन्नुम के वास्ते बोलतूं.”

तरन्नुम उठली. कुणाला काही न विचारता यंत्रापाशी आली, मला बाहेर काढलं, पलटलं आणि स्वतःच्या मेंदीच्या बोटानं बटण दाबलं.

धडाड धुम्म! पुन्हा तेच. तौसीफनं झडप घालून यंत्र बंद केलं.

“खाला, मी पुसलं,” तो म्हणाला. “माजं गाणं भरायला… मी पुसलं.”

बीबीजाननं त्याच्याकडं बघितलं. “पुसायच्या आदी ऐकलंस तरी का, बेटा?”

“न्हाई.”

“मला समदं पाठ हाय,” ती म्हणाली. “पोरीला सांगंन मी. पण ते माज्या आवाजात असंल.”

तिनं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती रागावलीसुद्धा नाही. पोरीला जवळ घेऊन नुसती थोपटत राहिली.

‘हादरा’ निघाला. आसपासच्या जिल्ह्यांत वरातींमध्ये वाजला. कव्हरवर तौसीफनं आपलं नाव घालू दिलं नाही. लोकांना त्याचं नवल वाटलं, मला वाटलं नाही.

मी आता उमापूरला तरन्नुमच्या कपाटात असते. ती वर्षातून एक-दोनदा मला लावते. पळवायची सोय नाही, म्हणून पूर्ण अर्धा तास ते धडाड धुम्म ऐकून घेते. तिची पोरं अंगणात नाचतात. हे सगळं आपल्या नानानंच, आईच्या अब्बानंच वाजवलंय, असं धाकट्याला वाटतं. तो शाळेत तसं सांगतोही. मी ऐकते आणि शरमेनं मरते.

मित्रांनो, तुमच्या हातात आता माझ्यापेक्षा कितीतरी भारी यंत्रं आहेत, आणि त्यांत पुसायला चिकटपट्टीसुद्धा लागत नाही. खुशाल पुसा, जागा काय कधीतरी लागतेच. पण आधी एकदा ऐका. तुम्ही ऐकलंत, तर निदान तुमच्यापाशी तरी ते राहील.

शेवटच्या नऊ सेकंदांना तरन्नुम हातातलं काम ठेवून जवळ येते. बाप म्हणतो, पलटा दे. दुसऱ्या बाजूला काय आहे, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी ती मला बाहेर काढते आणि पलटते. बापाचं ऐकायला तिच्या वाट्याला तेवढंच आलंय.