बाळाच्या पिशवीतल्या नऊ गोळ्या

"अगं, बाबा झोकांड्या खाताहेत. त्यांच्या गोळ्या एकदा तपासून घे," असं नणंदेने बजावलं, तेव्हा सूनबाईने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. बाळाला ताप नसताना दिवसातून चारदा थर्मामीटर लावणारी ती. पण सासऱ्यांची झोकांडी म्हणजे वय, दुसरं काय.

मग एका सकाळी बाबा बाळाला घेऊन उठले ते थेट भिंतीवर टेकले. बाळ खिदळलं, तिने धावत जाऊन ते काढून घेतलं. त्या दिवसापासून आजोबांची कडेवरची फेरी बंद. बाबा नुसते रिकामे हात गुडघ्यांवर ठेवून बसायला लागले. तेच तिला खुपलं.

शेवटी तिने दवाखान्यात वेळ घेतली. डॉक्टरीणबाईंचा निरोप होता, घरातल्या सगळ्या गोळ्या आणा. हाताशी एकच पिशवी होती, बाळाची. त्यांच्या टेबलावर आधी खुळखुळा पडला, मग लंगोट, मग नऊ पाकिटं.

"खुळखुळा किती वेळा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जेवणानंतर एकदा," बाबा म्हणाले.

"बरं. ही कशाची?"

"रक्तदाबाची."

"आणि ही?"

"पाय सुजतात म्हणून."

"पाय त्या पहिलीनेच सुजतात. ही तिसरी?"

"सुजेच्या गोळीने रात्री पाचदा लघवीला उठवलं, झोप उडाली. म्हणून झोपेची."

"चौथी?"

"सकाळी गरगरतं."

"झोपेच्या गोळीने."

बाबांना हसू आवरेना. "म्हणजे एक पाहुणी आली आणि मागोमाग तिचा सगळा गोतावळा मुक्कामाला."

ती ओशाळली. चार डॉक्टरांच्या चार चिठ्ठ्या, पण गोळ्यांच्या डबीचे खण दर रविवारी न चुकता तिनेच भरले होते. 'कशाला?' एवढंच विचारायचं राहिलं होतं.

"हल्लीचं संशोधन हेच बघतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वय झालेल्यांच्या कुठल्या गोळ्या कमी करता येतील. पण मनाने बंद करायची नाही. एकेक, हळूहळू, मला दाखवून."

तीन महिन्यांत नवाच्या पाच झाल्या. बाबांनी फरशीच्या रेषेवरून सर्कशीतल्यासारखं चालून दाखवलं, दोनदा, आणि हात पुढे केले. तिने बाळ दिलं खरं, पण दोन्ही हात पसरून मागे मागे चालत राहिली.

"सूनबाई, पडलो तर कुणाला धरशील?"

"बाळाला. तुम्ही आता पडत नाही."

तुमच्याही घरात अशी एक भरलेली डबी असेल. तिच्या मालकाला आजच विचारा, ही गोळी कशासाठी? उत्तर 'त्या दुसरीसाठी' असं आलं, तर सगळ्या गोळ्या पिशवीत भरा आणि त्यांना घेऊन डॉक्टरांकडे जा. पिशवी कुठलीही चालते.