उत्तरेकडची उशी

कालव्यावरच्या जुन्या बंगल्यात १८८९ साली एका गोऱ्या साहेबाचा खून झाला, आणि गेली बावीस वर्षं तो खून सणसरच्या कुंडलिक मास्तरांच्या मालकीचा होता. मोडीतला पंचनामा त्यांनीच शोधला, त्यांनीच वाचला. त्यावरून खुनाच्या खोलीचा नकाशाही त्यांनीच काढला. आता बंगल्याची डागडुजी झाली होती, रविवारी तिथं एकच नकाशा लागायचा होता, आणि मध्येच ही स्वरूपा उपटली.

स्वरूपा माळेगावची, त्यांचीच विद्यार्थिनी. मोडी त्यांनी शिकवली. आता बारामतीत घरांचे आराखडे काढते. नकाशासाठी तिचंही नाव पुढं आलं आणि मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. तोंडानं "गुणी पोर हाय" म्हणायचे, आत नुसता जळफळाट.

रक्त उत्तरेच्या भिंतीवर होतं, एवढं नक्की. मास्तरांनी पलंगाची उशी दक्षिणेला धरली होती. म्हणजे साहेब जागा झाला, उठला, झटापट होऊन पायथ्याच्या भिंतीशी पडला. इतक्या आत आलेला माणूस घरातलाच, म्हणजे खानसामा. फासावरही तोच गेला होता.

स्वरूपानं खोलीत खडूनं पलंग आखला आणि खुशाल त्यात आडवी झाली, डोकं उत्तरेच्या खिडकीशी.

"अगं ए! उत्तरंला डोकं नको करू!" मास्तर ओरडले. "मढ्याचं करत्यात तसं!"

ती पडल्या पडल्या हसली. "सर, साहेबाला हे कुणी सांगितलं असंल? तो आपला कालव्याचा वारा घेत झोपला असंल. घाव खिडकीतनं बसला. खानसामा हितं आलाच न्हाय. पण माझ्याकडं पुरावा न्हाय. तुमचाच नकाशा लागंल."

मास्तरांना आनंद झाला, लाज वाटावी इतका. कारण पुरावा त्यांच्याच पिशवीत होता. पंचनाम्याचं तिसरं पान त्यांनी तिला दिलंच नव्हतं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: प्रेत पलंगावर, डोके उत्तरेस. लोकांनी उचलून रीतीप्रमाणं ठेवलं असेल, असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं. पंचनाम्याआधी साहेबाच्या प्रेताला हात लावायची कुणाची छाती होती, हे बावीस वर्षांत सुचलं नाही. या कालच्या पोरीला मात्र जमिनीवर लोळता लोळता दिसलं.

पान दडवलं तर भिंतीवर आपला नकाशा, आणि तो खानसामा पुन्हा एकदा फासावर.

"हे घे," ते म्हणाले. पिशवीतून तिसरं पान काढून त्यांनी तिच्यापुढं धरलं.

तिनं पान वाचलं. समासात मास्तरांची पेन्सिलची टीप होती: 'प्रेत मागाहून फिरवले, यात शंका नाही.' खाली दोन रेघा. आता हसणार, म्हणून मास्तर भिंतीकडं बघत राहिले. ती हसली नाही. पर्समधून खोडरबर काढून हळूच टीप खोडायला लागली.

"ऱ्हाऊ दे ती," मास्तर म्हणाले. "तुझ्या नकाशाशेजारी हे पान लाव. माझंबी कायतरी असू दे भिंतीवर."