शिट्टी वाजेपर्यंत

रणजित, माझा मुलगा, सतरा वर्षांचा. दारातून आत येताना मान झुकवतो, आणि बसायच्या आधी खुर्ची आपल्याला झेपेल का ते बघून घेतो. शाळेत रग्बी खेळायचा, मग डब्लिनच्या एका क्लबात अमेरिकन फुटबॉल खेळू लागला. तिथे तो पुढच्या फळीत असतो. त्या फळीतल्या बिचाऱ्यांनी चेंडूला हातसुद्धा लावायचा नाही. समोरच्याला धडक द्यायची आणि आपल्या चेंडूवाल्यापासून लांब रेटत न्यायचं, एवढंच काम. लॉकडाउनच्या आधीचे त्याचे व्हिडिओ कोणीतरी अमेरिकेत पाठवले आणि तिकडच्या कॉलेजांची रीघ लागली. रणजितला मात्र हवं होतं एकच, कोच हॅलोरन यांचं. आणि त्यांच्याकडे एकच जागा उरली होती.

हॅलोरनना त्याचं सगळं आवडलं होतं. पायांची चाल, कंबर, हातांची पकड. फक्त एक शंका होती, ती त्यांनी व्हिडिओ थांबवून दाखवली. रणजित समोरच्याला आडवा करतो आणि लगेच हात देऊन उठवतो. ते बघून माझा ऊर भरून आला. हॅलोरन म्हणाले, इथेच घोडं अडतंय, याच्यात दुष्टपणा नाही. शिट्टी वाजेपर्यंत समोरच्याला न सोडणारा मुलगा त्यांना हवा होता.

फेब्रुवारी २०२१. कोचना येणं बंद, क्लब बंद, घराबाहेरच्या माणसाला हात लावणं बंद. मग धडक द्यायची कोणाला? माझा नवरा पुरुषोत्तम म्हणाला, मी आहे की. आ बैल मुझे मार! लॅपटॉपपेक्षा जड काही न उचलणारा हा माणूस, शाळेकडून मागून आणलेली जाड गादी छातीशी धरून डब्लिनजवळ ल्यूकनमधल्या आमच्या बॅक गार्डनमध्ये उभा राहिला. मी फोन धरायचा, हॅलोरन व्हिडिओ कॉलवर बघणार. शिट्टी नव्हती, म्हणून पुरुषोत्तम 'बास' म्हणाला की थांबायचं असं ठरलं. मी इमर्जन्सीत डॉक्टर आहे, असलं काहीतरी ठरवून आलेली माणसं मला रोज भेटतात. तरी गप्प बसले, कारण कित्येक महिन्यांनी पोरगा हसत होता.

रणजितने धडका दिल्या, पण शेवटच्या क्षणी अंग चोरलं. वर दर वेळी, बाबा चिखलात घसरू नये म्हणून त्याचं कोपर धरलं. हॅलोरननी थोडा वेळ बघितलं आणि आभार मानले. विचार करून कळवतो म्हणाले. त्याचा अर्थ कुठल्याही देशात एकच असतो. रणजितने बाहीने डोळे पुसले.

पुरुषोत्तमने ते पाहिलं. मला म्हणाला, कॉल बंद करू नकोस. मग गादी पुन्हा छातीशी घेऊन, हॅलोरनना कळू नये म्हणून मराठीत, अगदी शांतपणे मुलाला म्हणाला, "त्या दिवशी बसस्टॉपवर मी लाथा खात होतो, तेव्हाही तू असाच उभा होतास. भित्रा आहेस तू."

त्या दिवसाबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. कोविडच्या आधीची गोष्ट. टोळक्याने पुरुषोत्तमला खाली पाडलं होतं, तुमच्या देशात परत जा म्हणत तुडवलं होतं. रणजित शेजारीच होता, त्या सगळ्यांपेक्षा अंगाने मोठा, आणि त्याने बोटही उचललं नव्हतं.

रणजितचा चेहरा पांढरा पडला. तो वाकला, हात जमिनीला टेकवला आणि सुटला.

भरल्या पोत्यावर दांडकं बसावं तसा आवाज झाला. गादी कुठल्या कुठे उडाली. रणजितचं डोकं पुरुषोत्तमच्या छातीत रुतलं होतं, पाय चिखल उडवत पुढेच चालले होते. "बास," पुरुषोत्तम म्हणाला. त्याची पाठ लाकडी कुंपणावर आदळली. "बास!" फळ्या कडाकडा मोडल्या आणि दोघं शेजाऱ्यांच्या वाफ्यात पडले. रणजित वर होता. बापाच्या गळ्यावर हात दाबून तो त्याला चिखलात रेटत राहिला. पुढचा 'बास' तोंडातून रक्ताबरोबर आला. मी फोन टाकून धावले आणि रणजितच्या केसांना धरून मागे ओढलं. तेव्हा कुठे तो थांबला.

गवतात पडलेल्या फोनमधून हॅलोरन बोलत होते. जागा रणजितची, हाच मुलगा आपल्याला हवा होता, असं खुशीत सांगत होते.

पुरुषोत्तमच्या बरगड्या मोडल्या, एक फुप्फुसात घुसली. छातीत नळी घालावी लागली. हॉस्पिटलात भेटायला बंदी होती, त्यामुळे रणजितला जाता येईना. मी डॉक्टर म्हणून जात होते. नळी लावलेल्या अवस्थेतही पुरुषोत्तम नवरदेवासारखा खूश होता. बोलताना दम लागायचा, तरी येईल त्या नर्सला पोराची निवड सांगायचा. मला म्हणाला, "त्याला सांग, मी मुद्दाम बोललो. आणि जिवाला लावून घेऊ नकोस म्हणावं. धडकेच्या जोरात त्याला 'बास' ऐकू आलं नसेल."

घरी आल्यावर मी निरोप दिला. रणजित ओट्याला टेकून उभा होता. हॅलोरनना होकार कळवून झाला होता. एरवी तो माझ्याशी इंग्रजीत बोलतो, त्या दिवशी शब्द शोधत मराठीत बोलला.

"मला ऐकू आलं होतं, आई. प्रत्येक वेळी."

मी खुर्चीत बसले.

"बसस्टॉपवर पण आलं होतं. बाबा खाली पडलेला, आणि मलाच ओरडत होता. हात उचलू नकोस, पोलीस तुलाच धरतील. तेव्हा मी थांबलो."

पुरुषोत्तमने हे मला कधीच सांगितलं नव्हतं. मुलाला जवळ घ्यावं म्हणून मी उठले, आणि माझं पाऊल पुढे पडेना. मला त्याची भीती वाटली. माझ्या पोटच्या पोराची.

त्याला ते दिसलं. त्याने दोन्ही हात खिशात घातले आणि मला जायला वाट करून दिली.