कुणाचाच नसलेला रंग

मित्रांनो, मी एक जुना आराखडा आहे. घराचा किंवा धरणाचा नव्हे, एका वेबसाइटच्या पहिल्या पानाचा. गावोगावच्या वाचनालयांना पुस्तकांची नोंद ठेवता यावी म्हणून कोळिकोडच्या काही मंडळींनी 'तालियोला' नावाचे सॉफ्टवेअर लिहिले आणि सगळ्यांसाठी फुकट, खुले ठेवले. त्याच्या वेबसाइटवर आज जे पान दिसते ते माझ्यावरूनच बेतलेले आहे. पण जिने मला काढले, ती जसीला नावाची मुलगी आता मला ओळखही देणार नाही, आणि त्यात तिची काही चूक नाही.

जसीला वडकऱ्याच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या सजवायची. तिच्या गावच्या वाचनालयाचे चिटणीस कुमारन माश, म्हणजे तिचेच शाळेतले मास्तर. एकदा तालियोला उतरवून घ्यायला बसले आणि जुन्या पानावर हरवले. त्या पानावर जुन्या शिबिरांचे फोटो होते, आभार होते, कुठल्या तरी विसरलेल्या वादाची उत्तरे होती. सॉफ्टवेअर कुठून घ्यायचे ते मात्र तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत.

"मोळे, पोरी, हे फुकट देतात म्हणतात," माश जसीलाला म्हणाले, "पण देतात कुठून?"

त्या प्रश्नातून माझा जन्म झाला. पांढरे स्वच्छ पान, तालियोला म्हणजे काय ते सांगणारी एक ओळ, आणि मधोमध मोठे लाल बटण : 'तालियोला घ्या'. मी देखणा होतो. स्वतःच्या तोंडाने सांगू नये हे खरे, पण सांगणारे दुसरे कुणी उरलेले नाही.

घाईही होती. ओणम झाल्यावर तालुक्यातल्या सगळ्या वाचनालयांची बैठक होती. सर्वांनी मिळून एकच सॉफ्टवेअर निवडायचे होते. एका कंपनीचे विकतचे सॉफ्टवेअर दारात उभेच होते. तालियोला मी दाखवतो, असा माशनी शब्द दिला होता.

जसीलाने मला मंडळींपुढे ठेवले. तालियोला लिहिणाऱ्यांतले थोरले, सत्येट्टन, खूश झाले. "फार छान! आता यावर सगळ्यांनी बोला," म्हणाले. मंडळींत मतदान नसे, सर्वसंमती असे. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण मित्रांनो, इथे मुखे पाचाहून फार जास्त होती. आणि त्यांतल्या एकानेही ते पान कित्येक वर्षांत उघडलेले नव्हते. ते सरळ आत, प्रोग्रामपाशी जात. मागच्या दाराने ये-जा करणारी माणसे पुढच्या दाराचा रंग ठरवायला बसली होती.

चहा आणि पळमपोरी, म्हणजे केळ्याची भजी, आली आणि मंडळींतल्या बिनॉयने सुरुवात केली. बिनॉय कुठल्याही विषयावर बोलू शकत असे, म्हणून प्रत्येक विषयावर बोलत असे.

"लाल? उद्या लोक म्हणतील, तालियोला डाव्या पक्षाचंय."

"मग हिरवा करू," जसीला म्हणाली.

"हिरवा! आणि सुचवणार मुसलमानाची पोर? मग तर बघायलाच नको."

सगळे हसले. जसीलाही हसली, पण तिच्या हातातली पळमपोरी तशीच राहिली.

भगव्याचे नाव निघताच दोघे उठून उभे राहिले. पिवळा एका समाजाचा निघाला. निळा त्या कंपनीचा.

"सत्येट्टा, रंग कुणाचाही असू दे," जसीला शेवटी म्हणाली, "पण दिसू दे."

"अगं, इतके दिवस थांबलो, आता सगळ्यांना घेऊनच जाऊ," सत्येट्टन म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याला कुणालाच नाही म्हणता येत नसे, आणि त्या गुणाने माझा घात केला.

घोंगडे ओणमपर्यंत भिजत पडले. कुणी शिबिराचा फोटो परत आणला, कुणी आभाराची यादी, बिनॉयने स्वतःच्या लेखाचा दुवा 'तेवढा वरच्या बाजूला' घातला. आणि बटण झाले करडे, फिकट करडे. का? तर करडा कुणाचाच नाही. सर्वसंमती झाली, टाळ्या वाजल्या.

बैठकीच्या दिवशी माशनी मला भिंतीवरच्या पडद्यावर उघडले. दिवसाउजेडी त्या पडद्यावर फिकट करडे आणि पांढरे एकच दिसत होते. माश पडद्याजवळ जाऊन शोधू लागले. चष्मा पुसला, पुन्हा शोधू लागले. मी डोळ्यांपुढे होतो आणि मला ओरडता येत नव्हते.

"माश, दुकान बंद दिसतंय!" मागून कुणीतरी म्हणाले, आणि सभा हसली. मग कंपनीचा माणूस उठला आणि पहिल्याच झटक्यात त्याचे निळे बटण सगळ्यांना दिसले. तालुक्याने तेच घेतले.

संध्याकाळी माशनी जसीलाला फोन केला. "मोळे, तू म्हणालीस ना, मधोमध आहे म्हणून? मला नाही गं दिसलं. डोळे गेले बहुतेक माझे."

"तुमचे डोळे चांगले आहेत, माश," ती म्हणाली.

ती भांडली नाही. नुसती यायची थांबली. काही महिन्यांनी मंडळी पुन्हा चहाला जमली, तेव्हा वाचनालये आपल्याकडे का येत नाहीत यावर चर्चा झाली.

"वेबसाइटच बदलायला हवी," बिनॉय म्हणाला. "नवा आराखडा मागवू. ती जसीला कुठे असते हल्ली?"

"लग्नसराई असेल," सत्येट्टन म्हणाले. त्यांनी मान मात्र वर केली नाही.

मित्रांनो, कुणी तुमच्यासाठी काही करून आणले, तर मत देण्याआधी ते एकदा वापरून पाहा. ज्याच्यासाठी केले आहे त्याला विचारा. आणि नकोच असेल, तर तोंडावर नाही म्हणा. 'नाही' ऐकलेला माणूस रागावतो, चार दिवसांनी नवे काही घेऊन परत येतो. सगळ्यांनी हो हो म्हणत ज्याचे काम संपवले, तो परत येत नाही.